शेजारी शेजारी तीन पॅनलं: क्यूट डिझायनरमध्ये कांद्याच्या पट्टीचा स्क्रीन कसा मांडायचा

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं निघालं, ओझर मागे पडलं की पिंपळगाव बसवंत येतं. तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यासाठी मी पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) करायचा प्रोग्रॅम लिहिला. मुनीमकाकांच्या समोर एकाच वेळी तीन गोष्टी हव्या होत्या: डावीकडे आज आलेल्या गाड्यांची यादी, मधे पट्टीचा फॉर्म, उजवीकडे त्या शेतकऱ्याचा आधीचा हिशेब. पहिल्या आवृत्तीत मी प्रत्येक चौकट माऊसनं ओढून जिथं बरी दिसली तिथं ठेवली होती. माझ्या मोठ्या स्क्रीनवर सगळं नीट बसलं. काकांच्या लॅपटॉपवर मात्र उजवं पॅनल अर्धं कापलं गेलं आणि 'जतन करा' हे बटण स्क्रीनच्या खाली गेलं. दारात ट्रॅक्टर उभे असताना बटण सापडत नसेल तर काय होतं ते त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर हा स्क्रीन मी मुळापासून नव्यानं मांडला. ती पद्धत इथं पायरीपायरीनं देतो.

माझं ठाम मत आहे की पॅनलची रुंदी ठरवायचा हक्क दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्याचा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सुरुवातीचा बरा अंदाज द्यावा, कमीत कमी रुंदीची हद्द घालावी, आणि माणसानं केलेला बदल लक्षात ठेवावा.

काय लागेल

क्यूट म्हणजे विंडो, बटणं, याद्या असे स्क्रीन बनवायचा तयार संच. पायथन येत असेल तर टर्मिनलमधून पिपनं पायसाइड ६ बसवा, म्हणजे क्यूट पायथनमधून वापरता येतं. त्याच्यासोबत स्क्रीन माऊसनं मांडायचा क्यूट डिझायनरही येतो, वेगळा शोधावा लागत नाही. तेच काम करणारं पायक्यूटही चांगलं आहे, पण ते जीपीएल या मुक्त परवान्यात किंवा विकतच्या परवान्यात मिळतं. पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखाली आहे. प्रोग्रॅम विकणार असाल तर दोन्ही परवाने वाचूनच निवड करा.

डिझायनर स्क्रीनची मांडणी 'यूआय' फाइलमध्ये ठेवतो. 'यूआयसी' हे साधन त्या फाइलचं पायथनमध्ये रूपांतर करतं. रूपांतर झालेल्या फाइलमध्ये हातानं काही लिहू नका. मांडणी बदलून पुन्हा रूपांतर केलं की तुमचं लिहिलेलं पुसलं जातं.

आधी कागद आणि थोडं गणित

डिझायनर उघडण्याआधी कागदावर तीन उभ्या चौकटी काढा आणि प्रत्येकीत काय दिसणार ते लिहा. माझ्याकडे डावीकडे गाडीचा क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि कांदा उन्हाळ, लाल की गोल्टी (बारीक कांदा) हे होतं. मधे वजन, क्विंटलचा भाव, एकूण रक्कम. उजवीकडे मागच्या पट्ट्या आणि बाकी.

मग गिऱ्हाइकाचा स्क्रीन मोजा, स्वतःचा नाही. काकांचा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा होता. अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्यांच्या मुलानं विंडोजमध्ये १२५ टक्के मोठेपणा लावून दिला होता. क्यूट ६ हा मोठेपणा आपोआप पाळतं, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या हिशेबात रुंदी १३६६ भागिले १.२५ होते. हाती उरतात साधारण १०९२ पिक्सेल. उंची तशीच ७६८ वरून ६१४ वर येते आणि त्यातूनही टास्कबार व विंडोची वरची पट्टी वजा होते.

म्हणून तिन्ही पॅनलांच्या किमान रुंदीची बेरीज १०९२ च्या बरीच आत हवी. मी डावीकडे २२०, मधे ४८० आणि उजवीकडे २६० धरले. बेरीज ९६०. दुभाजक आणि कडेची मोकळी जागा धरूनही हजाराच्या आत बसलं. हे गणित वगळून पुढची कुठलीही पायरी केली तरी घोळ होणारच, हे मी अनुभवानं सांगतो.

पायरी १: प्रत्येक पॅनलला स्वतःचं विजेट

डिझायनरमध्ये नवीन फॉर्म घेताना 'मेन विंडो' निवडा. मधल्या रिकाम्या जागेत डावीकडे एक टेबल व्ह्यू (ओळींची यादी दाखवणारी चौकट) टाका, मधे एक साधं विजेट (इतर वस्तू ठेवायची चौकट) आणि उजवीकडे आणखी एक विजेट. अजून ती ओबडधोबड दिसतील, दिसू द्या. फक्त डावीकडून उजवीकडे क्रम बरोबर ठेवा, कारण मांडणी करताना डिझायनर त्यांच्या जागेवरूनच क्रम ठरवतो.

नवशिक्यांची गफलत इथं होते. विजेट बॉक्समध्ये वरती 'लेआउट' नावाचा गट दिसतो. त्यातला लाल चौकटीचा लेआउट उचलून लोक त्यालाच पॅनल समजतात. लेआउट म्हणजे नुसती शिस्त आहे, त्याला स्वतःचं अंग नसतं. स्प्लिटरला, म्हणजे पॅनलांच्या मधे सरकता दुभाजक ठेवणाऱ्या वस्तूला, अंग असलेलं विजेटच लागतं. म्हणून आधी विजेट ठेवा, वस्तू त्या विजेटमध्ये टाका आणि मग त्या विजेटला लेआउट द्या.

पायरी २: आतून बाहेर

मांडणी नेहमी आतून बाहेरच्या दिशेनं करा. मधल्या विजेटमध्ये लेबलं आणि खोकी टाकून झाली की त्या विजेटच्या मोकळ्या जागेवर क्लिक करून कंट्रोल ६ दाबा. त्यानं फॉर्म लेआउट लागतो: डावीकडे नाव, उजवीकडे खोकं. उजव्या पॅनलमध्ये वर मागच्या पट्ट्यांची यादी आणि खाली शेरा लिहायची जागा हवी होती. ते दोन्ही निवडून कंट्रोल ४ दाबलं. हा उभा स्प्लिटर, म्हणजे वर-खाली सरकणारा. मग उजव्या विजेटच्या मोकळ्या जागेवर क्लिक करून कंट्रोल २, की तो स्प्लिटर विजेटभर पसरतो.

शेवटी बाहेरचं काम. कंट्रोल दाबून धरून तिन्ही पॅनलं निवडा आणि कंट्रोल ३ दाबा. तिन्ही एका आडव्या स्प्लिटरमध्ये शेजारी शेजारी उभी राहतील. एवढ्यावर थांबू नका. फॉर्मच्या रिकाम्या भागावर क्लिक करा आणि कंट्रोल १ दाबा, म्हणजे स्प्लिटर पूर्ण विंडो व्यापेल. ही शेवटची दाब विसरली तर विंडो मोठी केल्यावर पॅनलं कोपऱ्यात तशीच आखडून बसतात.

ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये एखाद्या विजेटपुढे लाल मनाईची खूण दिसली तर त्याला लेआउट नाही असं समजा. एकही लाल खूण उरता कामा नये. काही चुकलं तर कंट्रोल ० नं मांडणी मोडता येते. मोडून पुन्हा करायला दोन मिनिटं लागतात, चुकीच्या मांडणीला ठिगळं लावत बसण्यापेक्षा ते बरं.

आता कंट्रोल आर दाबून पूर्वदर्शन पाहा. विंडोचा कोपरा धरून लहान-मोठी करा, दुभाजक सरकवून पाहा. ही सवय इतकी लावून घ्या की प्रत्येक पायरीनंतर बोटं आपोआप तिकडे जातील.

पायरी ३: जास्तीची जागा कोणाची?

पूर्वदर्शनात विंडो ताणली की बहुधा तिन्ही पॅनलं थोडी थोडी फुगतात. ते आपल्याला नको आहे. गाड्यांच्या यादीला ठरावीक रुंदी पुरते. जास्तीची जागा पट्टीच्या फॉर्मला मिळायला हवी.

मधलं विजेट निवडा, प्रॉपर्टीच्या यादीत 'साइझ पॉलिसी' उघडा आणि त्यातला आडवा 'स्ट्रेच' १ करा. डाव्या-उजव्याचा ० राहू द्या. विंडो वाढली की वाढ मधल्याला मिळेल, बाजूची दोन्ही जागच्या जागी राहतील. स्प्लिटरसाठी कोडमध्ये 'सेट स्ट्रेच फॅक्टर' नावाचं फंक्शन आहे, पण तेही आतून हाच आकडा बदलतं. डिझायनरमध्येच भरलं की झालं.

लगेच कागदावरचे किमान आकडे 'मिनिमम साइझ'मध्ये भरा: २२०, ४८०, २६०. उंचीत काही भरू नका. उंची कमी पडेल म्हणून मधला फॉर्म आधी एका स्क्रोल एरियात टाका. 'विजेट रिसायझेबल' ही प्रॉपर्टी चालू असल्याची खात्री करा, नाहीतर फॉर्म रुंदीला ताणला जाणार नाही. 'जतन करा' हे बटण मात्र स्क्रोल एरियाच्या बाहेर, खाली ठेवा. ते कुठल्याही स्क्रीनवर कायम दिसलंच पाहिजे.

पायरी ४: एका लांब नावानं पॅनल का अडतं

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. तेव्हा उजव्या पॅनलची मिनिमम साइझ मी भरलेली नव्हती. उजव्या पॅनलच्या माथ्यावर एका लेबलमध्ये शेतकऱ्याचं नाव-गाव येत होतं. 'उगाव' असलं की सगळं ठीक. पण पूर्ण नाव, पुढे 'मु. पो. वडनेर भैरव, ता. चांदवड' आणि त्यापुढे फोन नंबर असं आलं की उजवं पॅनल एकदम रुंद व्हायचं, मधला फॉर्म दाबला जायचा आणि दुभाजक मागे सरकवायला गेलं तर सरकायचाच नाही.

कारण असं की, मिनिमम साइझ दिलेली नसेल तर आतल्या वस्तूला स्वतःची एक किमान जागा लागते आणि लेआउट ती जागा मागून घेतो. साध्या लेबलची किमान रुंदी म्हणजे त्यातला पूर्ण मजकूर एका ओळीत मावेल इतकी रुंदी. मजकूर लांबला की लेबलची हद्द लांबते, लेबलमुळे पॅनलची आणि पॅनलमुळे स्प्लिटरची.

यावर दोन उपाय आहेत. नाव-गाव दोन ओळींत दिसलं तरी चालत असेल तर लेबलची 'वर्ड रॅप' प्रॉपर्टी चालू करा. एकाच ओळीत हवं असेल तर लेबलच्या साइझ पॉलिसीत आडवी बाजू 'इग्नोर्ड' करा. मग जागा कमी असताना मजकूर कापला जाईल, पण पॅनल अडणार नाही. कापलेलं नाव वाचता यावं म्हणून टूलटिपमध्ये (माऊस वर नेल्यावर दिसणाऱ्या टिपेत) पूर्ण नाव ठेवा. मी पहिला उपाय निवडला. मुनीम नाव वाचूनच पट्टी देतो, आणि एकाच गावात सारख्या नावाचे दोघं-तिघं सहज निघतात. तिथं अर्धं नाव दाखवणं मला पटलं नाही.

दुभाजक कुठं अडत असेल तर आधी लेबलांकडे पाहा. बहुतेक वेळा दोष तिथंच असतो.

पायरी ५: मराठीसाठी वेगळी काळजी

इंग्रजी लेबलं धरून आखलेला फॉर्म मराठीत कमी पडतो. 'निव्वळ देय रक्कम' हे लेबल आडवी जागा खातं आणि वर वेलांटी-रफार, खाली उकार असल्यामुळे उभी जागाही जास्त लागते. खोक्याची किंवा लेबलची उंची आकड्यानं बांधून टाकली की 'र्क'चा रफार वरून आणि 'कृ'चा ऋकार खालून कापला जातो. म्हणून मजकूर असलेल्या कुठल्याही वस्तूची 'मॅक्सिमम' उंची ठरवू नका. फॉण्ट ठरवेल ती उंची घेऊ द्या. विंडोजवर निर्मला यूआय असतोच. लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी बसवलेला आहे का ते एकदा पाहून घ्या.

फॉर्म लेआउटमध्ये 'रो रॅप पॉलिसी' नावाची एक प्रॉपर्टी आहे, तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ती 'रॅप लाँग रोज' केली की पॅनल अरुंद झाल्यावर खोकं आपोआप लेबलच्या खाली येतं. मराठी फॉर्मला ही सोय फार उपयोगी आहे. मधलं पॅनल ४८० पर्यंत दाबलं तरी वजन आणि भाव पूर्ण दिसतात.

पायरी ६: गायब होणारं पॅनल

एका सकाळी काकांचा फोन आला, "दादा, गाड्यांची यादी गेली कुठं? काल तर होती." यादी कुठंही गेली नव्हती. दुभाजक ओढता ओढता डाव्या कडेला टेकला होता आणि पॅनलची रुंदी शून्य झाली होती.

स्प्लिटरची ही मुळातली सवय आहे. मिनिमम साइझ २२० दिलेली असली तरी त्याहून पुढे ओढलं की पॅनल पूर्ण मिटतं. स्प्लिटर निवडून 'चिल्ड्रन कोलॅप्सिबल' या प्रॉपर्टीची खूण काढा, म्हणजे कुठलंच पॅनल मिटणार नाही. फक्त एखादंच मिटू द्यायचं असेल तर कोडमध्ये प्रत्येक पॅनलसाठी वेगळं 'सेट कोलॅप्सिबल' लिहिता येतं. मी तिन्ही बंद केली आणि उजवं पॅनल लपवण्यासाठी 'हिशेब दाखवा / लपवा' असं बटण दिलं. विजेट लपवलं की स्प्लिटर त्याची जागा इतरांना देतो. लपवलेलं परत आणायचं बटण समोर दिसतं, मिटलेल्या पॅनलची कड कोणाला दिसत नाही.

कड दिसत नाही ही तक्रार दुभाजकाचीही आहे. बऱ्याच थीममध्ये तो पॅनलांच्या रंगातच मिसळून जातो आणि इथं काही ओढता येतं हेच कळत नाही. 'हँडल विड्थ' ८ करा आणि स्टाइलशीटमध्ये स्प्लिटरच्या हँडलला फिकट राखाडी रंग द्या. टचपॅडवर काम करणाऱ्याला या ८ पिक्सेलचा मोठा आधार होतो.

मशीन जुनं असेल आणि यादीत शेकडो ओळी असतील तर दुभाजक ओढताना चित्र अडखळतं. तेव्हा 'ओपेक रिसाइझ' बंद करा. ओढताना फक्त एक रेघ सरकते आणि बोट उचलल्यावर पॅनलं एकदाच बदलतात.

पायरी ७: रुंदी लक्षात ठेवणं

काकांनी पॅनलं मनासारखी लावली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मूळ जागी दिसली, तर आधीची सगळी मेहनत वाया. इथं थोडं कोड लागतं.

स्प्लिटरच्या 'सेव्ह स्टेट' फंक्शनला विचारलं की तो आपली अवस्था बाइटच्या रूपात देतो. ती 'क्यू सेटिंग्ज'मध्ये, म्हणजे क्यूटच्या सेटिंग जपायच्या सोयीत, एका नावाखाली ठेवायची. प्रोग्रॅमला संस्था आणि अॅप्लिकेशन अशी दोन नावं सुरुवातीलाच दिलेली असली पाहिजेत. विंडोजवर हे सगळं रजिस्ट्रीत जातं. उघडताना आधी विंडोची जागा आणि आकार 'रिस्टोअर जिऑमेट्री'नं परत आणा, नंतर स्प्लिटरला 'रिस्टोअर स्टेट' द्या. क्रम उलटा झाला तर रुंद्या जुन्या आकाराच्या विंडोत बसतात आणि मग विंडो बदलताना पुन्हा हलतात. उजवीकडच्या आतल्या उभ्या स्प्लिटरची अवस्था वेगळ्या नावानं ठेवायला विसरू नका.

पहिल्यांदा उघडताना ठेवलेलं काहीच नसतं. तेव्हा 'सेट साइझेस'ला तीन आकडे द्या. मी ३००, ६४० आणि ३८० देतो. त्यांची बेरीज विंडोच्या रुंदीइतकी नसली तरी बिघडत नाही, उरलेली किंवा कमी पडलेली जागा स्प्लिटर त्याच प्रमाणात वाटून घेतो. हेच आकडे मेन्यूतल्या 'मांडणी पूर्ववत करा' या आज्ञेला जोडा. फोनवरून मदत करताना ही एक आज्ञा फार कामाला येते.

अवस्था ज्या नावाखाली ठेवता त्यात एक आवृत्ती क्रमांक घाला. पुढे चौथं पॅनल वाढवलंत तर क्रमांक बदला, म्हणजे तीन पॅनलांची जुनी अवस्था चार पॅनलांवर लादली जाणार नाही.

अवस्था कधी जपायची? बहुतेक ठिकाणी विंडो बंद होताना जपा असं शिकवतात. आपल्याकडे वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी थकलेली असते आणि प्रोग्रॅमला नीट बंद व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून स्प्लिटरचा 'स्प्लिटर मूव्ह्ड' हा सिग्नलही, म्हणजे दुभाजक हलल्याची सूचनाही, जोडा. तो ओढताना सारखा सुटत राहतो, त्यामुळे प्रत्येक वेळी न लिहिता एकदाच वाजणारा अर्ध्या सेकंदाचा टायमर लावा. दुभाजक थांबला, अर्धा सेकंद गेला, की जपलं.

डॉक का नको

क्यूटमध्ये डॉक विजेटही असतं. ते पॅनल उचलून दुसरीकडे लावता येतं, विंडोबाहेर तरंगतं ठेवता येतं. नकाशे किंवा चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय हवीच. पट्टीच्या कामात मात्र पॅनल चुकून सुटून विंडोबाहेर गेलं तर गर्दीच्या वेळी ते शोधायचं कोणी? जिथं रोज तेच काम त्याच क्रमानं होतं तिथं मी स्प्लिटरच वापरतो.

दुसऱ्या साधनात काम करत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. जावा स्विंगचा जे स्प्लिट पेन, विंडोज फॉर्म्सचा स्प्लिट कंटेनर आणि जीटीकेचा पेन्ड हे फक्त दोन भाग धरतात. तीन पॅनलांसाठी एकात दुसरा बसवावा लागतो. टीके इंटरचं पॅन्ड विंडो आणि क्यूटचा स्प्लिटर कितीही भाग घेतात.

देण्याआधीची तपासणी

टॅब दाबत पूर्ण स्क्रीन फिरा. कर्सर यादीतून फॉर्ममध्ये, फॉर्म पूर्ण झाल्यावर बटणावर आणि मग उजवीकडे जायला हवा. मधेच दुसऱ्या पॅनलमध्ये उडी मारत असेल तर डिझायनरच्या 'एडिट' मेन्यूतून टॅब ऑर्डर दुरुस्त करा. भाव-वजन भरणाऱ्याचा हात माऊसकडे जात नाही.

खोटा डेटा भरताना सर्वांत लांब नाव, सर्वांत लांब गाव आणि सर्वांत मोठी रक्कम घाला. स्वतःच्या मशीनवर १२५ आणि १५० टक्के मोठेपणा लावून पाहा. १५० ला १३६६ चे ९१० उरतात आणि आपली ९६० ची बेरीज बसत नाही. तेवढा मोठेपणा वापरणारं गिऱ्हाइक असेल तर उजवं पॅनल सुरुवातीलाच लपवलेलं ठेवा.

मग खळ्यावर जाऊन, चाचणीचा डेटा उघडून, त्यांच्याच हातानं पॅनलं लावू द्या. प्रोग्रॅम बंद न करता लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा आणि मशीन विझवा. पुन्हा सुरू करून प्रोग्रॅम उघडा. दुभाजक त्यांनी सोडले होते तिथंच दिसले की खरा डेटा चढवा.